मेल गेला की आधी हात थांबवा

शिफ्ट आणि डिलीट ही दोन बटणं एकत्र दाबली की मेल कायमचा गेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझा अनुभव वेगळा आहे. बटण दाबल्यावरही तो मेल बराच काळ त्याच डिस्कवर पडून असतो. त्याचा खरा नाश होतो तो पुढच्या धडपडीत. कुणी घाबरून कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करतं, कुणी यूट्यूबवर बघून मिळेल ते रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतं, कुणी मेलचा प्रोग्रॅमच काढून नव्याने टाकतं. परत येऊ शकणारे मेल या धडपडीमुळेच हातचे गेलेले मी पाहिलेत, म्हणून हे लिहिते आहे.

छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा इथल्या लहान युनिटचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करून देणारी वर्कशॉप उभी राहिली. आज अशा वर्कशॉपला मोठ्या कंपनीकडून जे काही येतं ते मेलने येतं: ऑर्डर, ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, रिजेक्शनची तक्रार, कोणत्या बिलाचे किती पैसे टाकले त्याचा तपशील. आणि हे सगळं उतरतं अकाउंट्सच्या केबिनमधल्या एकाच डेस्कटॉपवर. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी न चुकता पेन ड्राइव्हवर घेणारी माणसं मेलचा बॅकअप वर्षानुवर्षं घेत नाहीत, कारण मेल त्यांच्या लेखी निरोप असतो. वाचला, उत्तर दिलं, संपलं.

पण तो नुसता निरोप नसतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असतात. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची. केली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. आता विचार करा, माल पोचल्याची तारीख कशात आहे? तक्रार सोळाव्या दिवशी आली की चौदाव्या, हे कशावरून ठरणार? बहुतेक वेळा एखाद्या मेलवरून. जीएसटी कायदाही वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेबाचे दस्तऐवज जपायला सांगतो, आणि त्यातले कितीतरी दस्तऐवज मेलच्या अटॅचमेंटमध्येच राहून गेलेले असतात.

वाळूजच्या एका युनिटमधून सकाळी फोन आला. अकाउंट्स बघणारा मुलगा रडवेला झाला होता. होस्टिंगवरची मेलची जागा भरली होती, ग्राहकांचे मेल परत जायला लागले होते, म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी सफाई केली. सगळ्यात मोठं फोल्डर अर्थातच सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं होतं. जुने मेल एकदम निवडले आणि शिफ्ट-डिलीट. सकाळी साहेबांनी नेमकं त्याच ग्राहकाचं ड्रॉइंग बदलल्याचं पत्र मागितलं.

"मॅडम, मी दुसरं काहीच केलं नाही वो. फक्त जागा मोकळी केली."

मी विचारलं, "भैया, प्रोग्रॅमने फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का, असं काही विचारलं का?"

"विचारलंय. सकाळपासून ती खिडकी समोरच आहे. ओके करू का?"

"नको. कशालाच हात लावू नको. मी येते."

सगळे मेल परत आले, ते त्याने ओके दाबलं नव्हतं म्हणून. असं का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

त्याच्याकडे थंडरबर्ड होतं. या प्रोग्रॅममध्ये साधारणपणे प्रत्येक फोल्डर म्हणजे एकच एक लांबलचक मजकुराची फाइल असते. मेलमागून मेल त्यात खाली जोडले जातात. आपण मेल डिलीट करतो तेव्हा त्या फाइलमधला मजकूर पुसला जात नाही. रजिस्टरमधल्या नोंदीवर पेन्सिलने काट मारावी, तशी त्या मेलच्या वरच्या भागात एक खूण होते आणि यादीत तो दिसेनासा होतो. शिफ्ट न दाबता डिलीट केलं तर त्याची एक प्रत ट्रॅशमध्ये जाते. शिफ्ट दाबून केलं तर तीही जात नाही, फक्त काट पडते. मग कधीतरी प्रोग्रॅम म्हणतो की इतकी जागा वाया चालली आहे, कॉम्पॅक्ट करू का. होय म्हटलं की तो काट न मारलेल्या नोंदी नव्या फाइलमध्ये उतरवतो आणि जुनी फाइल टाकून देतो. मेल जातो तो त्या क्षणी. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये सुमारे २०० एमबी जागा सुटणार असेल तेव्हा कॉम्पॅक्ट करण्याची सोय आधीपासून चालू असते, आणि काही ठिकाणी ती न विचारता पार पडते. सेटिंगमध्ये जाऊन 'आधी विचारा' हा पर्याय आजच लावून ठेवा.

त्या मुलाच्या कॉम्प्युटरवर मी प्रोग्रॅम बंद केला आणि आधी पूर्ण प्रोफाइल, म्हणजे थंडरबर्डचे मेल ज्यात असतात ते फोल्डर, बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. ही कॉपी नंतर उघडायचीसुद्धा नाही, ती मूळ पुरावा म्हणून तशीच ठेवायची. दुसरी कॉपी कामासाठी. प्रोफाइल कुठे आहे ते हेल्प मेन्यूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये कळतं, पण प्रोग्रॅम चालू न करता बघायचं असेल तर विंडोजच्या अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये, रोमिंगच्या आत ते असतं. त्यात फोल्डरच्या नावाच्या दोन फाइली दिसतात. एक बिनशेपटीची, तीच खरी. दुसरी एमएसएफ शेपटीची, ती नुसती अनुक्रमणिका. कामाच्या कॉपीतली बिनशेपटीची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. साधं नोटपॅड इतक्या मोठ्या फाइलला गुदमरतं, मोठ्या फाइली झेपणारा एडिटर लागतो. प्रत्येक मेलच्या डोक्यावर एक्स-मोझिला-स्टेटस नावाची ओळ असते. वाचलेल्या, शाबूत मेलला तिथे ०००१ असतं. वाचून डिलीट केलेल्याला ०००९, न वाचता डिलीट केलेल्याला ०००८. हवे होते त्या मेलचे ९ बदलून १ केले. मग ही फाइल नवं नाव देऊन लोकल फोल्डर्समध्ये टाकली, तिची अनुक्रमणिका मात्र नेली नाही. थंडरबर्ड उघडल्यावर त्याने स्वतःच नवी अनुक्रमणिका तयार केली आणि फोल्डर भरलेलं दिसलं.

इथे मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या कच्च्या फाइलमध्ये 'ड्रॉइंग' किंवा 'थकबाकी' असा मराठी शब्द शोधला तर सापडत नाही आणि माणूस मेल गेलाच म्हणून हताश होतो. मेल असतो, पण देवनागरी मजकूर प्रवासासाठी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत बदलून साठवलेला असतो. देवनागरीचे शब्द तिथे बहुधा ४केएस किंवा ४केडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, वाचता न येणाऱ्या रांगांसारखे दिसतात. तशा रांगा दिसल्या तर मनात आशा धरा. शोध घ्यायचा तो पाठवणाऱ्याच्या मेल पत्त्याने किंवा तारखेने, ते दोन्ही साध्या इंग्रजीत असतात.

आता चिकलठाण्याच्या एका युनिटची गोष्ट, जी चांगली संपली नाही. तिथे डिलीट झालं, कॉम्पॅक्टही झालं, आणि मालकांच्या ओळखीच्या कुणीतरी दिवसभर बसून तीन-चार वेगवेगळी रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच सी ड्राइव्हवर टाकली. जुनी फाइल ज्या जागेवर होती, त्या जागेवर ही नवी सॉफ्टवेअर लिहिली गेली असणार. शिवाय डिस्क एसएसडी होती. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये डिलीट केलेल्या फाइलचा मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो, म्हणून फोटोरेकसारखं मोफत साधन कधीकधी काम करून जातं. एसएसडीला मात्र विंडोज ट्रिम नावाचा आदेश देतं की ही जागा आता रिकामी समज, आणि डिस्क ती जागा आतून साफ करून टाकते. मी पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मालक मला सारखे विचारत होते, "मॅडम, पैसे कितीही लागू द्या, पुण्या-मुंबईला पाठवू का?" मला नाही म्हणावं लागलं. त्या मेलमध्ये एका रिजेक्शनच्या वादाची सगळी साखळी होती.

म्हणून क्रम सांगते. कंट्रोल-झेड लगेच दाबून बघा, नुकतंच, शिफ्ट न दाबता डिलीट केलं असेल तर बहुधा तेवढ्याने भागतं. मग घाई न करता शोधा, कारण 'गेला' म्हणून मला दाखवलेल्या मेलपैकी कितीतरी गेलेलेच नसतात. माऊसने ओढताना शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. थंडरबर्डमध्ये चुकून ए हे एक अक्षर दाबलं गेलं तरी निवडलेला मेल आर्काइव्हमध्ये जाऊन बसतो. आउटलुकमध्ये बॅकस्पेस तेच करतं. कधी वरच्या पट्टीत 'न वाचलेले' एवढाच फिल्टर लागलेला असतो. कधी अनुक्रमणिकाच बिघडलेली असते, तेव्हा फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर केलं की मेल जागच्या जागी उभे राहतात. आणि अख्खा इनबॉक्सच रिकामा दिसत असेल तर अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये बघायला विसरू नका. फोल्डर म्हणजे एकच फाइल असल्यामुळे एका मेलच्या अटॅचमेंटमध्ये व्हायरस निघाला की काही अँटिव्हायरस पूर्ण फाइल उचलून कोठडीत टाकतात. प्रोफाइलमध्ये एनएसटीएमपी अशा नावाचं काही दिसलं तर कचरा समजून उडवू नका, ते अर्धवट राहिलेल्या कॉम्पॅक्टचं असतं आणि त्यात मेल असू शकतात.

हे सगळं करून मिळाला नाही, तर प्रोग्रॅम बंद करा, इंटरनेटची वायर काढा, आणि त्याच खात्याचा मेल ज्या मोबाइलवर येतो त्या मोबाइलला फ्लाइट मोडवर टाका. शेवटची सूचना लोकांना विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. खातं आयमॅप पद्धतीचं असेल तर सर्व्हर, डेस्कटॉप आणि मोबाइल सतत एकमेकांशी जुळवून घेत असतात. डेस्कटॉपवर डिलीट झालेलं मोबाइलपर्यंत पोचायच्या आधी तुम्ही त्याला नेटवरून तोडलंत, तर मोबाइलमध्ये उतरलेला मेल तुमच्या हातात राहतो.

पॉप पद्धतीचं खातं असेल तर धोका दुसऱ्या बाजूने येतो. मेल डेस्कटॉपवर उतरला की सर्व्हरवरची प्रत काही दिवसांनी काढली जाते. थंडरबर्डमध्ये ही मुदत मूळ सेटिंगमध्येच १४ दिवसांची असते. म्हणजे पंधरवडा उलटल्यावर जगात तुमच्याकडची प्रत फक्त त्या एका डिस्कवर. होस्टिंगची जागा कमी म्हणून अनेक युनिट पॉप वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. पण मग त्या डिस्कची जबाबदारी पूर्णपणे आपली, हे मालकाला माहीत असायला हवं.

सर्व्हर मोठ्या कंपनीचा असेल तर मुदती पाठ करून ठेवा. जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतो. कंपनीचं गुगल वर्कस्पेस असेल तर ट्रॅशमधून कायमचा काढल्यानंतरही २५ दिवसांच्या आत अ‍ॅडमिन तो परत आणू शकतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये शिफ्ट-डिलीट केलेला मेलही 'रिकव्हर डिलीटेड आयटम्स'मध्ये मूळ सेटिंगनुसार १४ दिवस असतो, आणि अ‍ॅडमिनला ही मुदत ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. ती आजच वाढवून घ्या. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल उघडतच नसेल तर स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन ऑफिससोबतच येतं. तेही कॉपीवरच चालवायचं.

"आमचे मेल गुगलवर आहेत, आम्हाला काय भीती?" असं मला अनेक मालक विचारतात. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस जीमेलच्या काही वापरकर्त्यांना त्यांची खाती रिकामी दिसली. प्रमाण सुमारे ०.०२ टक्के होतं. गुगलकडे मेलच्या प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये होत्या, पण सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने त्या सगळ्याच प्रतींवर परिणाम झाला. मेल परत आणले ते टेपवरच्या बॅकअपमधून, कारण ऑफलाइन ठेवलेल्या टेपपर्यंत तो दोष पोचू शकत नव्हता. एकमेकांशी जुळलेल्या चार प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत अशी हवी, जिला वायरच लागलेली नाही.

आपल्याकडे त्या टेपचं काम बाहेरची साधी हार्ड डिस्क करते. आठवड्यातून एकदा, मेलचा प्रोग्रॅम बंद करून, प्रोफाइल किंवा पीएसटी तिच्यावर कॉपी करायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर आलं तर कॉम्प्युटरबरोबरच लॉक होते. ३१ मार्चला एक वेगळी प्रत करून ती कारखान्याबाहेर, मालकाच्या घरी ठेवायची. त्या दिवशी टॅलीसाठी सगळे बसलेलेच असतात. महिन्या-दोन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एखादा जुना मेल वाचून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

डिलीटपेक्षाही जास्त मेल मी विंडोज फॉरमॅट मारताना गेलेले पाहिलेत. दुरुस्तीला आलेला माणूस विचारतो, "डेस्कटॉप आणि डी ड्राइव्हचा डेटा घेतला, चालेल ना?" आणि कुणीतरी हो म्हणतं. थंडरबर्डचं प्रोफाइल त्या लपवलेल्या अ‍ॅपडेटामध्ये, सी ड्राइव्हवर असतं. ते घेतलं का, हा प्रश्न तुम्ही विचारायचा, कारण ज्याला तुमचा मेल कुठे राहतो हे माहीत नाही, तो विचारणार नाही.

वाद कोर्टापर्यंत जाण्याची शक्यता असेल तर मेलचा प्रिंटआउट किंवा स्क्रीनशॉट पुरेसा मानू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखक्रमांक, नोंदवायची असते. एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. म्हणूनच वर म्हटलं की पहिली कॉपी उघडायचीही नाही, आकडे बदलायचे ते दुसरीत. असा मेल ईएमएल फाइल म्हणून, हेडरसकट जतन करा आणि पुढचं वकिलांना विचारून करा. हरवलेला मेल तिसऱ्या कुणाला सीसीमध्ये गेला होता का, तेही बघा. वाहतूकदार, तपासणी करणारी संस्था, तुमचे सीए, यांच्यापैकी कुणाकडे तो असेल तर नुसता फॉरवर्ड न मागता अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड मागा. तसं केलं तर मूळ हेडर टिकतात.

राहता राहिली ती नोकरी सोडून जाणारी माणसं. लहान युनिटमध्ये अकाउंट्सचा किंवा खरेदीचा माणूस बदलला की खर्च वाचवायला त्याचं मेल खातं लगेच बंद करतात, आणि त्याच्याबरोबर कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार जातो. वर्कस्पेसवर काढून टाकलेलं खातं २० दिवसांत, मायक्रोसॉफ्ट ३६५ वर ३० दिवसांत परत उभं करता येतं. लहान होस्टिंगवर बहुधा ज्या दिवशी बंद केलं त्याच दिवशी विषय संपतो. त्याच्या शेवटच्या आठवड्यात, तो अजून खुर्चीत असतानाच, त्याच्याच हातून त्याच्या पूर्ण मेलची प्रत काढून घ्या, कोणत्या फोल्डरमध्ये कुठल्या ग्राहकाचं काय आहे हे त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद त्या डिस्कसोबत कपाटात ठेवा.